मरळीची मराठी

आमचे साहेब मराठीच्या तोंडी परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले ते तळलेल्या माशीमुळे.

परीक्षक पंडितांनी प्रश्न अगदी सोपा विचारला होता. जेवणात आपल्याला काय आवडतं? साहेबांनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्या मायेनं उत्तर दिलं, "मला तळलेली माशी फार आवडते. वरून लिंबू पिळायचं." पंडितांनी आपला चहा बाजूला सारला आणि परीक्षा तिथंच संपली.

दुसऱ्या खेपेला पंडितांनी खाण्यापिण्याचा विषय टाळला. आईच्या बहिणीला काय म्हणतात, एवढंच विचारलं. साहेब म्हणाले, "मासा." पंडितांचा चेहरा पाहून त्यांनी लगेच दुरुस्ती केली, "मासोळी."

निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू आणि रयतेची मराठी, त्यामुळे हैदराबादेहून आमच्या जिल्ह्यात येणाऱ्या नव्या अधिकाऱ्याला मराठी बोलता येते एवढं तरी पंडितांसमोर सिद्ध करावं लागे. तोवर नोकरी कच्ची. साहेबांना आता तिसरी आणि शेवटची संधी होती. ती हुकली, तर हैदराबादेला परत जायचं आणि थोरल्या चुलत्यांच्या अत्तराच्या दुकानात बसायचं, हे ठरलेलं होतं. दुसऱ्या कुणाला हा स्वर्ग वाटला असता. पण साहेबांना अत्तराच्या वासानं शिंका येत. साध्या नव्हेत. एक सुरू झाली की तिच्या मागं रांग लागे, डोळे सुजत, आवाज बसे. ईदच्या दिवशी चुलत्यांनी मिठी मारली, तर हा माणूस संध्याकाळपर्यंत उशी तोंडावर धरून पडून असे. "मास्टर साहब," ते मला म्हणत, "उस दुकान में मैं एक महीना नहीं निकालूँगा."

मी मास्तर. शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि गुलमंडीवर एका कापडदुकानाच्या माडीवर राहत होतो. साहेबांना पास करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. माणूस मोठा गोड. उंच, गोरा, मिशा अशा की आरशापुढं अर्धा तास तरी जात असावा. उर्दू बोलू लागले की ऐकणाऱ्यानं जोडे काढून बसावं. पण मराठीचं पुस्तक उघडलं की त्यांना झोप येई. 'राजा वनात गेला' या वाक्यानंतर राजा परत आल्याचं त्यांनी कधी पाहिलं नाही.

जागे होत ते फक्त एका विषयावर. मासे. अत्तरानं शिंकणारा हा माणूस मासळीचा वास आला की नाकपुड्या फुगवून उभा राही. म्हणून त्यांची नेमणूक कन्नड तालुक्यात झाली आणि देवगाव रंगारीच्या बाजूला सरकारी बंगल्यावर दौऱ्याचा मुक्काम पडला, तेव्हा मी शाळेतून रजा काढली, पुस्तकं माडीवरच ठेवली आणि त्यांना सरळ शिवना नदीवर नेलं.

भाद्रपदातली शिवना. पुराचा जोर ओसरलेला, पाणी अजून गढूळ पण शांत झालेलं. एका वळणावर प्रवाह पलीकडच्या काठाला घासून निघून जाई आणि अलीकडच्या पोटात पाणी नुसतं पडून राही. तळाला गाळ, काठाला कमरेएवढं लव्हाळं, पाण्यावर हिरव्या वेली पसरलेल्या. रोहूसारख्या उसळणाऱ्या माशांना वाहतं पाणी लागतं. मरळीला हे असलं आळशी पाणी आवडतं. सापासारखं चपटं डोकं, अंग हातभर लांब, पाठ काळपट, आणि पोटाकडं फिकट पट्टे. वेलींच्या सावलीत ती लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून असते आणि मधूनच वर येऊन 'चुबुक' असा आवाज करून हवा गिळते. पाण्यात राहून तिला पाण्यातला श्वास पुरत नाही. साहेबांना हे फार पटलं. "बिल्कुल मेरी तरह," ते म्हणाले. "सरकारी मेहकमे में हूँ, मगर दम घुटता है."

त्या डोहावर एका भोयाच्या जोडप्याचा वावर होता. नवरा जाळं विणी, जाळं टाकी, जाळं वाळत घाली आणि बोलत नसे. मुका नव्हता. गरज पडत नसे. त्याच्या वाटचं सगळं बायको बोले. पन्नाशीची, ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज पलीकडच्या शिवारात जाणारा. साहेब तिला पहिल्याच दिवशी 'मावशी' म्हणाले आणि मी टाळी वाजवली, कारण नातं बरोबर आलं होतं. पण पुढच्याच दमात ते म्हणाले, "मावशी, तुमच्या नाकावर मावशी बसली."

मावशीनं नाकावरची माशी उडवली. "व्हय सायब. लई गोतावळा हाय मपला."

तिची आणि साहेबांची गट्टी जमली. मी शिकवलेलं साहेबांना आठवत नसे, ती बोललेलं विसरत नसत. एक गोष्ट खरी, की मावशी जे सांगे त्यातलं निम्मं खरं असे आणि निम्मं तिच्या लहरीचं. मरळ उन्हाळ्यात चिखलात दडून बसते, हे खरं. ओल्या गवतावरून सरपटत शेजारच्या डबक्यात जाते, हेही खरं. पण तीच मरळ रात्री बांधावर चढून ज्वारीची कणसं खाते, हे मावशीचं स्वतःचं. साहेब दोन्ही सारख्याच भक्तिभावानं ऐकत आणि मग मला सांगत, "मास्तर, मरळ लई हुशार हाय."

आणि इथंच घोटाळा सुरू झाला. मावशी बाई. ती म्हणणार, मी जाते, मी येते, मी सांगते. नवरा बोलत नाही. म्हणजे पुरुष स्वतःबद्दल कसा बोलतो, हे साहेबांच्या कानावर येणार कुठून? एके दिवशी ते मला म्हणाले, "मास्तर, मी आता बंगल्यावर जाते."

मी म्हटलं, "साहेब, जातो."

"तुम्ही पण जाता?"

"नाही. तुम्ही 'जातो' म्हणायचं. 'जाते' बाई म्हणते."

साहेब थांबले. मिशीला पीळ दिला. मग उर्दूत आले, कारण वादाला त्यांना स्वतःच्या घरची भाषा लागे. "मास्टर साहब, ज़रा सुनिए. जातो, खातो, येतो. जैसे कोई किसी को धक्का दे रहा हो. और जाते, खाते, येते! वाह! शरीफ़ आदमी क्या कहता है? हम जाते हैं. हम खाते हैं. आपकी मराठी में भी अदब है, और आप मुझसे छुपा रहे हैं?"

मी कपाळाला हात लावला. त्यांच्या कानाला 'जाते' म्हणजे खानदानी पुरुष आणि 'जातो' म्हणजे टांगेवाला. मी म्हटलं, "अहो, मावशी 'जाते' म्हणते, कारण ती बाई आहे."

"मावशी 'जाते' म्हणते," साहेबांनी माझं वाक्य शांतपणे पूर्ण केलं, "कारण मावशी शरीफ़ आहे."

मावशी जाळ्यापाशी बसून ऐकत होती. "मास्तर," ती म्हणाली, "सायबाला बोलू द्या की. बरं बोलत्यात. मला तर लई ग्वाड लागतं."

माझी व्याकरणाची सत्ता त्या दिवशी शिवनेत बुडाली. तरी मी रोज 'जातो' म्हणत राहिलो आणि साहेब रोज माझ्याकडं असभ्य माणसाकडं पाहावं तसं पाहत राहिले.

मग ती सकाळ आली. साहेब काठाला उभे राहून मरळीचं 'चुबुक' ऐकत होते. जोडे मला दिलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, एक पाय पाण्यात. पलीकडून मावशी ओरडली, "सायब, पाय काढा! पोरं हायेत तिथं!"

साहेबांचा रंग उडाला. "पोरं?"

"व्हय! पोरं! पान्यात!"

माणूस चांगल्या घरचा. पाण्यात पोरं आहेत असं ऐकल्यावर त्यानं पाय काढला नाही. त्यानं उडी घेतली. डोह काठाला मांडीएवढाच होता, पण साहेबांनी आवेश गंगेत उडी घेतल्याचा आणला. दोन्ही हातांनी वेली बाजूला करत, "कहाँ हैं? कहाँ हैं बच्चे?" असं ओरडत ते पुढं सरले आणि पाण्यातून काहीतरी काळं उसळून त्यांच्या पोटरीला भिडलं.

त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. इतके महिने ज्या माणसानं माझ्या शिकवणीतलं एकही मराठी वाक्य धड उच्चारलं नव्हतं, मी ढोसूनही ज्याच्या तोंडून क्रियापद सरळ बाहेर पडलं नव्हतं, तो माणूस कमरेएवढ्या वेलीत उभा राहून खणखणीत आवाजात ओरडला,

"अगं बाई! मेले! मेले मी!"

वाक्य निर्दोष होतं. उच्चार निर्दोष, ठेका निर्दोष, काळ बरोबर, भाव तर विचारूच नका. फक्त माणूस चुकीचा होता.

मावशी काठावर बसली आणि पदर तोंडात घालून हसली. तिचा नवरासुद्धा जाळ्याआड हलत होता. मी साहेबांना बाहेर ओढलं. पोटरीवर दातांचे बारीक ठसे आणि थोडं रक्त, बाकी काही नाही. "बच्चे?" साहेब धापा टाकत विचारत होते. मावशीनं बोट दाखवलं.

पाण्याच्या पृष्ठभागावर, वेलींच्या मोकळ्या जागेत, मिरचीपूड सांडावी तसा तांबडा ठिपका थरथरत होता. नीट पाहिलं तर बारीक बारीक पिल्लं. शेकड्यानं. सगळी एकदम वर येत, हवा घेत आणि एकदम खाली जात. त्यांच्या खाली ती काळी सावली. पिल्लं सरकली की सावली सरके. एक बेडूक जवळून पोहत गेला, तशी सावलीनं अशी मुसंडी मारली की बेडूक हवेतच वळला.

"ही पोरं," मावशी म्हणाली. "मरळीची."

"आणि ही आई," साहेब पोटरी चोळत म्हणाले. "आई मला चावली."

"आई कुठली? बाप हाय त्यो. आई बी असती जवळ, पर राखन त्याची."

साहेब चोळायचे थांबले. "पण मरळ 'ती' आहे. मास्तर म्हणतात, ती मरळ."

"व्हय की. ती मरळच."

"मग बाप कसा?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं, जणू हा घोळ मीच शाळेत बसून घातला होता. "नाव तिचं. राखन त्याची. आता यात काय कळंना तुमाला?"

भोयांची तिथली रीत अशी, की पिल्लं तांबडी आहेत आणि राखणदार त्यांच्यासोबत आहे तोवर त्या जागी गळ टाकायचा नाही. राखणदार गेला की बेडूक, पाणसाप, दुसरे मासे, सगळे तुटून पडतात आणि पुढच्या साली डोह रिकामा राहतो. साहेब आले होते तोंडाला पाणी सुटून, आणि आता त्यांना पिल्लांचा तांबडा रंग जाऊन ती काळपट होईपर्यंत नुसतं बघत बसायचं होतं. बसले. रोज बसले. आणि बसून बसून बोलले. मरळ काय खाते, किती दिवस राखते, पिल्लं विखुरतात तेव्हा बाप काय करतो, रडतो का, सगळं मावशीला विचारलं. तिनं खरंखोटं सगळं सांगितलं. एवढंच, की त्या एका राखणदाराला सोडून इतर मरळींवरचा त्यांचा लोभ पूर्वीसारखाच राहिला. वरच्या डोहातली मरळ बंगल्यावर तळली गेली की साहेब ताटासमोर बसून म्हणत, "बिचारी!" आणि आणखी एक तुकडा घेत.

परीक्षेचा दिवस उजाडला. शहरातल्या मोठ्या कचेरीत खोलीच्या दाराला वाळ्याचा पडदा होता आणि शिकवणाऱ्याला आत जाण्याची मनाई होती. मी पडद्याला नाक लावून बाहेर उभा. आत दोघं होते. एक पंडित, उपरणं, तपकिरीची डबी आणि कपाळावर तीच जुनी आठी. दुसरे जिल्ह्याचे वरिष्ठ, हैदराबादचे, हा नियम येण्याआधीच पक्के झालेले, मराठीचा गंध नसलेले, पण निकालावर सही त्यांची.

"नदीबद्दल काही सांगा," पंडित म्हणाले. बिचाऱ्यांनी खाणं आणि नातेवाईक दोन्ही सोडून सर्वांत सुरक्षित विषय काढला होता.

आणि साहेब सुटले. "मी रोज शिवनेवर जाते. तिथं लई मरळ हाय. एक दिवस मी पाण्यात गेले, तर मरळीचा बाप मला चावला. मी म्हणाले, अगं बाई, मेले!"

पडद्याबाहेर मी डोळे मिटले. मला साक्षात अत्तराचा वास आला.

पंडितांनी तपकिरीची डबी आपटली. "अहो, तुम्ही पुरुष आहात की नाही?"

"व्हय," साहेब नम्रपणे म्हणाले. "मी पुरुष हाय. मी रोज मिशी करते."

पंडित खुर्चीवरून उठले ते वरिष्ठांकडं वळूनच. आता वरिष्ठांना मराठी येत नाही, तेव्हा गुन्हा उर्दूत समजावून सांगायचा होता. आणि पंडितांची उर्दू! शहरातला प्रत्येक कारकून तिची नक्कल करून दाखवी. "हुज़ूर," पंडित म्हणाले, "ये साहब औरत के माफिक बात करता है. जाते, खाते बोलता है."

"हम भी यही बोलते हैं," वरिष्ठ म्हणाले. "हम जाते हैं. इसमें औरत कहाँ से आ गई?"

"नहीं हुज़ूर, मराठी में जाते औरत है."

"और मर्द?"

"जातो."

वरिष्ठांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "ये तो बड़ा बदतमीज़ लफ़्ज़ है."

पंडित घामाघूम झाले. त्यांनी उदाहरण द्यायचं ठरवलं, आणि समोर विषय होताच. "हुज़ूर, ऐसा समझो. मछली पानी में रहता है. मछली अपना बच्चा सँभालता है..."

"रहती है," वरिष्ठ म्हणाले.

"जी?"

"मछली रहती है, पंडितजी. सँभालती है."

"वोही तो. मछली रहता है, उसका बाप..."

"रहती है."

तेवढ्यात आमच्या साहेबांनी मोठ्या अदबीनं तोंड घातलं. वरिष्ठांना त्यांनी उर्दूत सांगितलं, की मरळीचं नाव बाईचं आहे, पण पोरं राखायला उभा राहतो तो बाप. नदीत ही उलटापालट केव्हापासून चालू आहे आणि नदीनं आजवर कुणाला नापास केलेलं नाही. मग पंडितांकडं वळून मराठीत म्हणाले, "तुम्ही मासळीला पुरुष करता. मी मला बाई करते. फिटलं."

आत वरिष्ठ असे हसले की वाळ्याचा पडदा माझ्या नाकावर आपटला. "पंडितजी," ते हसू आवरत म्हणाले, "आपकी उर्दू इस कचहरी ने बरसों चला ली. कभी किसी ने टोका? अब आप इनकी मराठी चला लीजिए."

पंडितांनी तपकीर ओढली. शिंकले. पुन्हा ओढली. माणूस हट्टी होता, पण आडमुठा नव्हता. साहेबांच्या मिशांकडं पाहत म्हणाले, "एक विचारतो. ती पिल्लं वाचली का?"

"वाचली," साहेब म्हणाले. "काळी झाली, मोठी झाली. मग बाप गेला. मी लई रडले."

पंडितांनी मान हलवली. "रडलो," असं ते अगदी हळू पुटपुटले, आणि कागदावर 'पास' लिहून वरिष्ठांपुढं सरकवला.

साहेबांनी बाहेर येताच मला उचललं. गुलमंडीपर्यंत टांग्यात ते गात होते, आणि मी मनात ठरवत होतो, की आता नोकरी पक्की झाली, आता भीड कशाला? माडीवर चहा पिताना मी म्हटलं, "साहेब, देवाच्या कृपेनं सुटलात. पण आता खेड्यापाड्यांतून हिंडणार, चार लोकांत बोलणार. निदान आता तरी 'जातो' म्हणायला लागा."

साहेबांनी कप खाली ठेवला. गोरा चेहरा एकदम कचेरीचा झाला. "मास्टर साहब, जिस मराठी पर सरकार ने दस्तख़त कर दिए, उसमें मैं फेरफार करूँ? ये तो सरकारी हुक्म तोड़ना होगा." आणि मग मोठ्या मायेनं, मराठीत, "तुम्ही पण परीक्षा देऊन टाका एकदा. सुधाराल."

पुढच्या आठवड्यात देवगावच्या चावडीवर त्यांची पहिली बैठक होती आणि मला ते आग्रहानं घेऊन गेले. गाव जमलेलं. पुढं पाटील, पटवारी, पागोटी; मागं भिंतीला धरून बायका. साहेब उभे राहिले, शेरवानीची गुंडी लावली आणि म्हणाले, "राम राम, सलाम. मी आले आहे. आता मी पक्की झाले."

पुढच्या रांगेतली पागोटी एकदम खाली गेली. पाटलांना ठसका लागला. पण मागच्या भिंतीपासून मावशीचा तो शिवारभर जाणारा आवाज आला, "ऐका गं बायांनो, आपली सायब आली!"

साहेबांचं तोंड खुललं. मग त्यांनी हात वर केला, सगळी चावडी शांत केली, आणि सरकारमान्य मराठीच्या पूर्ण अधिकारानं मावशीची चूक दुरुस्त केली.

"आली नाही, मावशी. आले. जरा अदबीनं बोलत जा."